वहिनींना दिलेला चाकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझं काहीच लपत नाही, बीपीची गोळी चुकवली तरी तिला कळतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरी येत-जात नाही, वहिनींना ओळखत नाही, एवढंच कारण असेल कदाचित.

आधी चाकूंबद्दल सांगतो. मुद्द्यावर यायला मी वेळ घेणार आहे, हे आत्ताच कबूल करून टाकतो.

भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि कुरुदच्या बाजूला बांधलेल्या घरात आम्ही राहायला आलो. मोठ्या भावाचं, दादाचं, घर त्याच गल्लीत. नोकरीत असताना दिवसभर लोखंडाच्या वासात राहायची सवय. घरी नुसतं बसून जीव कासावीस व्हायचा. मग मागच्या अंगणात पत्रा टाकला आणि चाकू बनवायला लागलो. भंगारवाल्याकडून ट्रकच्या जुन्या कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, पट्टी आणायची, घासून आकार द्यायचा, बादलीत बसवलेल्या भट्टीत लाल करायची, तेलात बुडवून कडक करायची, मग मंद आचेवर थोडी नरम पाडायची, शेवटी लाकडाची मूठ. बायको त्या पत्र्याला 'छोटा प्लांट' म्हणते. जेवण झालं की भोंगा वाजवल्यासारखी हाक मारते.

माझं नोकरीतलं काम काय होतं, ते सांगायला हवं. भेगा शोधणं. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा. तुकड्यावर लाल रंग मारायचा, थोडं थांबून पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. भेग असली की आत शिरलेला रंग वर येतो — पांढऱ्यावर लाल रेघ. मी खडूने फुली मारली की तो माल बाजूला जायचा. लोक चिडवायचे, की ह्याला बायकोच्या पोळीतसुद्धा भेग दिसते. त्या रंगाचा आणि पावडरचा एकेक डबा मी घरीही आणून ठेवला होता. प्रत्येक चाकू तपासायचो. प्रत्येक — एक सोडून.

वहिनी म्हणजे दादाची बायको. आमची आई गेल्यावर मला त्यांनीच सांभाळलं. आमच्या विदर्भाकडच्या लोकांत लांब पोळ्या करतात, तुम्हाला माहीत असेल — पातळसर कणीक मळून मळून अशी करायची की ती हातावर लोंबत खाली उतरते, आणि मग तो रुमालाएवढा पडदा पालथ्या माठावर टाकायचा. जमली तर जमली, नाहीतर फाटली. वहिनींची कधी फाटली नाही. भिलाईतच काय, दुर्गपासून उतईपर्यंत ओळखीत कुठेही लग्न असलं की त्यांना न्यायला माणूस यायचा. वहिनी शालूबिलू नेसून तिथे चुलीपाशी बसायच्या, आणि नवरीपेक्षा जास्त बायका त्यांच्याभोवती असायच्या.

त्यांचे गुडघे दुखायला लागले. विळीवर बसवेना. एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, मलेही एक चाकू बनवून द्या ना. उभ्यानं चिरता येईन."

वहिनींनी माझ्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ. मी किती खूश झालो असेन! विश्वकर्मा पूजेला, हत्यारं पूजतात त्या दिवशी, सगळे माझ्या पत्र्याखाली जमायचे — जुने सोबती, शेजारी, दादा. मी जाहीर करून टाकलं, की ह्या वर्षी पूजेला वहिनींचा चाकू ठेवणार, आणि कुंकू लावून तिथेच त्यांच्या हातात देणार. असा चाकू, की धार वर्षभर उतरायची नाही.

आणि तिथेच माझी मस्ती नडली. पूजेच्या आदल्या दिवशी पट्टी लाल झाल्यावर मी ती तेलात न बुडवता पाण्यात बुडवली. पाण्यात पोलाद जास्त कडक होतं. आणि तडकतं. दोन्ही मला माहीत होतं.

पाण्यात आवाज आला — टिक. नखाने काच वाजवावी एवढाच.

तो आवाज मी ओळखला. दुसरं काही असेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. तसं म्हणालो तर ते आता नवं खोटं होईल. पूजेच्या दिवशी आमच्यात भट्टी पेटवत नाहीत, हत्यार चालवत नाहीत. दुसरा चाकू करायला वेळ नव्हता. 'झाला नाही, पुढे देईन' एवढं म्हणायला काय जात होतं? पण जाहीर केलं होतं ना. रंगाचा डबा समोर फळीवर होता. मी तो उचललाच नाही. रेघ दिसली असती तर फुली मारावी लागली असती. मंद आचेवर नरम पाडला, मूठ बसवली, धार लावली, चकचकीत केला. पूजेला सगळ्यांनी वाहवा केली. वहिनींनी चाकू कपाळाला लावला.

काही महिने तो चालला. मग एकदा कोहळं चिरताना, दोन्ही हातांनी जोर दिला तेव्हा, पातं मुठीजवळ तुटलं आणि वहिनींचा उजवा हात उरलेल्या तुकड्यावर आला. अंगठ्याशेजारचं बोट वाकवणारी शीर तुटली. टाके पडले, जखम भरली, पण ते बोट वाकेना. आजही वाकत नाही.

दादा दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. तुटलेली कड मी उजेडात धरली. अर्धी काळी होती, अर्धी चकचकीत. चकचकीत म्हणजे आत्ता तुटलेली. काळी म्हणजे आधीचीच भेग, भट्टीतल्या आचेने काळवंडलेली. मी जन्मभर हेच वाचत आलो होतो. दादाला ते वाचता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "कावून तुटला असन रे?"

मी — ऐका, मी खोटं बोललो नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला. "वहिनींनी ह्यानं नारियल तर नाही ना काढलं कधी?"

काढलं होतं. दिवाळीत करवंटीतून खोबरं काढताना टोक घातलं होतं, एकदाच. दादाने हाक मारून बोलावलं तशा वहिनी आल्या आणि त्यांनी लगेच कबूल केलं. त्या काही लपवत नाहीत. हाताला पट्टी असताना दादा त्यांच्यावर ओरडला, "चाकू काय नारियल काढाले असते का? तुले काही समजते का नाही?" त्या मान खाली घालून उभ्या. मी बाजूला उभा. दोघं घरी गेल्यावर मी चाकाला लावून ती काळी कड घासून टाकली.

इथे थांबलो असतो तरी हे सांगायला सोपं गेलं असतं. पण आठवड्याभराने वहिनी स्वतः आल्या. डाव्या हाताने पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्या मेहनतीनं बनवला होता तुमी. माह्याच हातानं मोडला. रागावू नका."

आणि मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. होतं असं."

मी त्यांना माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — त्यांना!

त्यानंतर त्यांनी लांब पोळी केली नाही. एकदा करून पाहिली. ताठ बोट कणकेतून आरपार गेलं. लग्नाची बोलावणी थांबली. त्या परत विळीवर बसायला लागल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. दादा वारला तोही वहिनींचीच चूक झाली असं समजूनच.

मागच्या महिन्यात पुतण्याची नवी बायको पोळी शिकत होती. वहिनी स्टुलावर बसून सांगत होत्या — कणीक अजून मळ, हात ढिले सोड. मध्येच पोरीचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. तिने विचारलं, "मम्मी, ये कैसे हुआ?"

वहिनींनी सगळं सांगितलं. नारियलात चाकू घालायचा नाही, हे तर आधी. मग माझ्याकडे बघून, हसून, म्हणाल्या, "एवढा मस्त चाकू होता! मीच येडी. पन भाऊजी एक शब्द बोलले नाही मले. आजपावेतो नाही."

पोरगी माझ्याकडे कौतुकाने पाहायला लागली. मी ताट पुढे ओढलं.

तिची पहिली पोळी काठाला जरा फाटलेली, पण बाकी छान झाली होती. वहिनींनी ती आधी माझ्या ताटात वाढली. वर तूप सोडलं. मी ती खाल्ली.