बाद सशांचं कुरण

रोज सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना काका सशांच्या खोलीच्या पांढऱ्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसत आणि दोन्ही हात काखेत घालून डोळे मिटत. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटे, म्हाताऱ्याला थंडी भरलीय. थंडी कसली! ते हात तापवत असत. गार हात लागला की ससा दचकतो, दचकला की त्याचं अंग तापतं, आणि मग थर्मामीटरवर चढलेला ताप बाटलीतल्या पाण्याचा की काकांच्या गार हाताचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

कारखाना सलाईनच्या बाटल्यांचा. माणसाच्या शिरेत जाणाऱ्या त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी घाण राहिली, तर आजारी माणूस तापाने फणफणतो, कधी दगावतोही. म्हणून प्रत्येक बॅचमधलं थोडं पाणी आधी तीन सशांच्या कानाच्या शिरेत जाई. ससे लाकडी खोड्यांत ओळीने बसत, मान तेवढी बाहेर, आणि तीन तास त्यांचा ताप मोजला जाई. ताप चढला नाही तर बॅच पास. ज्या सशाला दोनदा ताप चढला, तो मात्र बाद. बाद सशाचं शरीर पुढे भरवशाचं राहत नाही, असं नियमात लिहिलेलं होतं.

काका इथे आले ते पॅकिंगमधून. त्यांच्या आधी सशांकडे एक घाईचा माणूस होता. तो ससे बटाट्यांसारखे उचलायचा आणि ससे लाथा झाडून स्वतःचीच कंबर मोडून घ्यायचे. तो रजेवर असताना एकदा काकांना आत ढकललं, आणि पहिलाच ससा त्यांच्या हातात असा सैल पडला की प्रयोगशाळेच्या मॅडम चष्मा काढून बघत राहिल्या. "काका, तुमच्या हाताला गुण आहे," त्या म्हणाल्या. काकांचं वय तेव्हा चौतीस, पण मॅडमच्या तोंडून निघालेलं 'काका' जन्माला चिकटलं. पॅकिंगवाले चिडवायचे, "गेला बिचारा! याच्या मागे ससेमिरा लागला तो लागलाच." त्याला आता चोवीस वर्षं झाली होती.

सशांच्या खोलीत वेळ कळत नसे. खिडकी नाही, उजेड सकाळ-दुपार एकसारखा फिकट, आणि छतातून येणाऱ्या हवेची एकच बारीक गुणगुण. खोड्यात बसलेल्या सशांचे डोळे उघडे असत, पण हळूहळू ते बघायचे थांबत. काकांचंही तसंच व्हायचं. तीन तास ओळीसमोर बसून त्यांच्या पापण्या जड होत, आणि ते झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावर बसून पुटपुटू लागत. काय पुटपुटत? कुरणाची गोष्ट.

ती गोष्ट जन्मली काकांच्या घरी, जेवताना. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, बाद झालेले ससे कुठे जातात?" काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "कुरणात." मग काय, एका खोट्याला दहा टेकू! उतारावरचं कुरण, गुडघ्याएवढी दगडी भिंत, तिच्या कडेला विहीर, आणि सकाळी गवतावर एवढं दव की सशांना पाणी प्यायला विहिरीवर जावंच लागत नाही. मुलगी रोज विचारे, "आज कोण गेलं?" काका सांगत, "सात नंबर गेला. पोचताच लोळला." सांगता सांगता ते कुरण त्यांना इतकं दिसायला लागलं की त्या भिंतीतला कुठला दगड सैल आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

खरं काय ते पाहुण्यासारखं दारात उभं होतं आणि काका त्याला आत घेत नव्हते. बाद ससा जायचा व्हरांड्याच्या टोकाच्या छोट्या खोलीत. तिथे मॅडम एक इंजेक्शन देत आणि ससा धरायला काकाच लागत. दुसऱ्या कुणी धरला तर तो तडफडे. काकांच्या हातात तो डोळे अर्धे मिटून, त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकून निजे, आणि मग उठत नसे. हातात ऊब होती म्हणून त्याला कळत नसे. काका त्याच हातांनी घरी येऊन मुलीची वेणी घालत.

बायको तोंडाची फटकळ. तिने कधीच विचारलं नाही, पण बाद सशाच्या दिवशी ती जेवणात काही ना काही काकांच्या आवडीचं करायची आणि वर म्हणायची, "तुमच्यासाठी नाही केलं, उरलं होतं." तिलाच एकदा उलट्यांनी हैराण करून दवाखान्यात टाकलं. डोळे खोल गेले, जीभ लाकडासारखी. काका खाटेशी बसून लटकणाऱ्या बाटलीवरचा बॅच नंबर वाचत होते. ती बॅच अकरा, चौदा आणि वीस या सशांनी तपासलेली. त्या दिवशी वीस नंबर जरा खोकला होता, हेही त्यांना आठवलं. थेंब पडत राहिले आणि तिसऱ्या बाटलीला बायको म्हणाली, "असे काय बघताय मेल्या माणसासारखे? घरी गॅस बंद केलाय ना?" त्या दिवसापासून कुणी म्हणालं, 'कसलं क्रूर काम तुमचं', तर काकांना राग येई, आणि 'किती पुण्याचं काम' म्हणालं तर त्याहून जास्त येई. माणसाने एवढं सोपं बोलू नये, असं त्यांचं मत होतं, आणि माझंही आहे.

मग गेल्या वर्षी मॅडम खोलीत आल्या, तेही हळू पावलांनी, कारण इथे सगळेच हळू चालत. त्या आता निवृत्तीला आलेल्या. म्हणाल्या, "काका, नवी तपासणी येतेय. सशाऐवजी माणसाचं थोडंसं रक्त घ्यायचं, नळीत आपलं पाणी त्यात मिसळायचं. घाण असली तर रक्तातल्या पेशीच बोंब मारतात. ताप येण्याआधीच कळतं."

"मग ससे?"

"सहा महिने दोन्ही तपासण्या शेजारी-शेजारी करायच्या. आकडे जुळले तर ही खोली बंद. पण सशांचे आकडे स्वच्छ हवेत बरं. ते बिथरले, तर पुन्हा वर्षभर हेच."

म्हणजे ससे खोड्यात मुकाट बसले, तरच खोडा सुटणार. काकांनी त्या सहा महिन्यांत हात जितके तापवले तितके जन्मात तापवले नसतील. कुरणाची गोष्ट रोज नव्याने सांगितली. चौदा ससे होते. त्यांच्या कानांवर आकडे होते आणि काका बोटाने ते आकडे वाचू शकत. शेवटची तपासणी उरली. तिच्यातल्या एका बाटलीत मुद्दाम घाण घातलेली असणार होती, नवी तपासणी ती पकडते का बघायला. ज्यांच्या शिरेत ती जाईल त्यांना ताप येणारच. आणि चौदातल्या प्रत्येकाला एकदा तो येऊन गेलेला होता.

नळीसाठी कारखान्यातल्याच माणसांचं रक्त हवं होतं. काकांनी नाव दिलं. खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांचं काळीज सशाचं झालं. परिचारिका तरुण होती. तिने आधी आपले तळवे एकमेकांवर चोळले आणि मग काकांचा दंड धरला. ते चोळणं काकांनी ओळखलं. त्यांचा खांदा आपोआप उतरला, पापण्या जड झाल्या, आणि त्यांना वाटलं, आता ही काहीही टोचो.

तेवढ्यात ती म्हणाली, "काका, एक विचारायचं राहिलं. द्यायचं आहे ना नक्की? नको असेल तर नाही म्हणा. कुणी काही म्हणणार नाही."

काका तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं, ऐकू कमी येतं. तिने पुन्हा विचारलं.

"घे," काका म्हणाले. सुई गेली, ती त्यांना कळलीही नाही. चोवीस वर्षांत आपण हात तापवले, गोष्टी सांगितल्या, गाजरं भरवली, पण हे एक वाक्य आपल्याला कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी सशांना 'नाही' म्हणायला जागा होती कुठे, हे त्यांच्या मनात आलं. नळीत त्यांचं रक्त चढत होतं, आणि त्यांना पहिल्यांदाच आपल्या हाताच्या गुणाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन, नऊ आणि तेरा या तिघांना ताप चढला. रक्तानेही तीच बाटली पकडली. आकडे जुळले. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या, सगळ्यांना चहा आला. दुपारी मॅडम ट्रे घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहिल्या. "तिघं बाद, काका. आणा."

काका स्टुलावर बसले होते. त्यांचे हात काखेत नव्हते, गुडघ्यांवर होते. "आज मी धरणार नाही, मॅडम."

"काय?"

"नाही धरणार. हे तिघे नाही आणि बाकीचे अकराही नाही."

मॅडमनी ट्रे पुढे केला. "मला काय हौस आहे का? नियम मी केलाय? तुम्ही नाही धरलंत तर त्यांचे हाल होतील, ते कोण बघणार?"

"म्हणून तर इतकी वर्षं धरलं," काका म्हणाले. "माझ्यामुळे तुम्हाला जड गेलं नाही, आणि तुमच्यामुळे मला. आता त्यांचं काम संपलंय. त्यांना मला द्या. वर अर्ज करायचा तर करा. तोवर मी इथून हलत नाही."

मॅडमनी ट्रे खाली ठेवला, शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. "तुमच्याकडे जागा आहे का एवढ्यांना?" त्यांनी विचारलं. काकांच्या तोंडून निघून गेलं, "आहे. एक कुरण आहे."

अर्ज वरच्या समितीकडे गेला आणि तिचा होकार यायला पाच आठवडे लागले. तितके दिवस काकांनी तोंड पाडून जागा शोधली. शेवटी मुलीनेच शोधली. ती आता संसारी, दोन गावं सोडून राहणारी. तिच्या सासऱ्यांची रोपवाटिका बंद पडली होती. मागे उतार, गवत, आणि एका बाजूला ढासळलेली भिंत. गाडीतून पिंजरे उतरवताना काकांना राहवलं नाही. "बाळे, एक सांगायचंय. ते कुरण... आधीचे कुणी तिथे गेले नाहीत. कुरण नव्हतंच."

"मला माहितीये, बाबा. आठवीत असताना कळलं."

"कसं?"

"तुमची विहीर एका जागी राहत नव्हती. कधी भिंतीच्या अलीकडे, कधी पलीकडे. खोटं बोलताना विहीर तरी धड बांधावी."

काका हसले नाहीत. "मग विचारत का राहिलीस इतकी वर्षं?"

मुलीने पिंजऱ्याची कडी काढली. "तुम्हालाच तिथे जायचं असायचं. मी नसतं विचारलं तर तुम्ही कुठे गेला असता?"

काकांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

पिंजरे उघडले तरी ससे बाहेर येईनात. जन्मात गवत न पाहिलेले जीव ते. आले तेही चौदाच्या चौदा एका ओळीत बसले, सारख्या अंतरावर, माना पुढे काढून, खोड्यात बसत तसेच. वारा आला की त्यांचे कान थरथरत, पण जागचं कुणी हलत नव्हतं. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि काकांना क्षणभर कळेना, ही खोली आहे, की ते कुरण आहे, की आपण पुन्हा खोड्यांसमोर डुलक्या घेतोय.

एकाला तरी आत गवतात नेऊन ठेवावं म्हणून सवयीने त्यांनी हात काखेत घातले. चांगले तापवले. मग वाकून नऊ नंबरला उचललं, आणि तो नेहमीसारखा सैल पडला, हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकली. ते त्याच्या कानाशी म्हणाले, "नको असेल तर नाही म्हण बाबा. कुणी काही म्हणणार नाही."

ससा काही कळून वागला असं मी म्हणणार नाही. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं, की वारा बदलला, देव जाणे. पण नऊ नंबरच्या अंगातून एक झटका गेला, त्याने मागच्या पायांनी काकांच्या मनगटावर लाथ झाडली, कातडीवर तीन लाल ओरखडे उठवले आणि तो गवतात पडून भिंतीकडे सुसाट सुटला. ओळ मोडली. दोन पळाला, तेरा पळाला, मग सगळेच.

"बाबा, रक्त येतंय!" मुलगी धावली.

चोवीस वर्षांत काकांच्या हातून ससा कधी निसटला नव्हता. ते मनगट धरून गवतात मटकन बसले आणि मोठ्याने हसत म्हणाले, "नाही म्हणाला गं! बघितलंस ना? नाही म्हणाला."