दोघांचे दोन दात, दोन शस्त्रक्रिया

"तुमच्या यजमानांचं हाड रुंद आहे. तुमचं पातळ आहे," डॉक्टरबाई तमिळमध्ये म्हणाल्या आणि दोघांचे स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. तेव्हाच कळलं, आम्हा दोघांवर एकच उपचार होणार नाही.

झालं होतं असं, की आम्ही तिरुवैयारुहून तंजावूरला परत येत होतो. मोपेड मी चालवत होते, हे मागे बसले होते. कालव्याकाठी रस्त्यावरच भात वाळत घातलं होतं, त्यावरून चाक घसरलं. माझा वरचा पुढचा दात मोडला, यांची खालची दाढ तडकली. दोन्ही काढावे लागले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या दिवसापासून बोलताना पदर तोंडाशी जाऊ लागला.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा बारीक स्क्रू. हाड त्याला घट्ट धरून ठेवायला लागलं, की त्यावर दात बसवतात. यांचं फ्लॅपलेस पद्धतीनं झालं. म्हणजे हिरडी न कापता, लहानशा छिद्रातून. त्याच संध्याकाळी हे गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"मलाही तसंच करा," मी डॉक्टरबाईंना म्हटलं.

"न उघडता केलं, तर स्क्रू हाडाबाहेर जाऊ शकतो अम्मा. मला हाड डोळ्यांनी दिसायला हवं."

माझी जुनी, फ्लॅपची पद्धत. हिरडी चिरून बाजूला केली, स्क्रू बसवला, हाड कमी होतं तिथं हाडाची पूड भरली, टाके घातले. भूल होती, दुखलं नाही. घरी आल्यावर मात्र ओठ सुजला, डोळ्याखाली निळं पडलं. आरशात बघून मी रडले.

यांनी कंजी, म्हणजे तांदळाची पेज केली, गार केली आणि स्वतःही तीच घेऊन बसले.

"तुम्ही दोसा खा की," मी म्हटलं.

"एकट्यानं चावायला बरं वाटत नाही," हे म्हणाले. माझे टाके निघेपर्यंत घरात तवा चढला नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर छोटी शस्त्रक्रिया चांगली आणि मोठी वाईट असं समजू नका. आपलं हाड कसं आहे ते डॉक्टरांना विचारा. सूज उतरते. माझ्या हाडानं स्क्रू धरायला काही महिने घेतले, पण धरला.

शेवटी दात बसला. उच्चार तपासायला डॉक्टरबाई म्हणाल्या, "'स' असलेला एखादा शब्द म्हणा."

काही सुचेना. तोंडातून आलं, "श्रीनिवास."

बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या यांनी मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं.

"नीट ऐकू आलं नाही," हे म्हणाले. "परत म्हण."

मी परत म्हटलं. हात तोंडाशी गेला नाही.