एकमेकांना ऐकू न येणारे दोघे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं गणित आणि आमची बिल्डिंग यांचं काही केल्या जमेना. एका राउटरशी अनेक फोन बोलू लागले, की किती संदेश एकमेकांवर आदळून वाया जातात, ते मी समीकरणांत मांडत होते. कागदावर सगळं सुरळीत होतं. पडताळून बघावं म्हणून सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावर राउटर लावला, एक फोन तळमजल्यावरच्या काकांकडे ठेवला, दुसरा सातव्या मजल्यावर. दोनच फोन, तरी गणितापेक्षा कितीतरी जास्त संदेश वाया जात होते. काका रोज विचारायचे, "बेटा, कुछ मिला क्या?" मी फोन बदलले, राउटर बदलला. काहीच सापडेना.

अशातच समुद्रकाठच्या उत्तनला मैत्रिणीकडे जेवायला गेले. तिचे वडील पूर्वी मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. आता घरूनच वायरलेसवर बोटींशी बोलायचे. जेवता जेवता सेटमधून नुसती खरखर आली.

"दोगं एकदम बोलले," ते म्हणाले.

"पण दुसरा बोलतोय म्हटल्यावर थांबत का नाहीत?"

"ऐकू आलं तं थांबतील ना! एक पार वरती उत्तरेला, दुसरा पार खालती दक्षिणेला. त्यांना एकमेकांचं ऐकू येत न्हाय. माला दोगांचं येतं."

माझा घास हातातच राहिला. 'प्रत्येक फोनला बाकी सगळे फोन ऐकू येतात' हे माझं पहिलंच गृहीतक. सोयीसाठी लिहिलेलं, नंतर कधी वाचलंच नव्हतं.

"मग तुम्ही काय करता, बाबा?"

"मी बोटीचं नाव पुकारतो. जिचं नाव घेतलं तिनंच बोलायचं."

घरी येऊन ती ओळ खोडली. कोणाला कोण ऐकू येतं, हे घातल्यावर समीकरणं दुप्पट लांबली, पण उत्तर मोजलेल्या आकड्यांच्या अगदी जवळ आलं. मग फोनने आधी परवानगी मागायची आणि राउटरने होकार दिला तरच बोलायचं, असं करून पाहिलं. वाया जाणारे संदेश खूपच कमी झाले. ही युक्ती पुस्तकात होती, मी परीक्षेत लिहिलीही होती. ती कशासाठी, ते मात्र आत्ता कळलं.

प्रबंध छापून आल्यावर उत्तनला बाबांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली.

"यात आमची बोट कुठं हाय?"

मी समीकरणातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं. ते पानाजवळ वाकले.

"लय बारीक काढली," म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.