दोन फोनांवरची साडी

विजय नगरात आमच्या शेजारच्या ताई घरूनच साड्या विकतात. प्रत्येक साडीचा फोटो गिऱ्हाइकांना पाठवण्याआधी त्या दोन फोनांवर पाहतात, एक जुना एलसीडी पडद्याचा, दुसरा नवा अमोलेड पडद्याचा. "नव्यावर काळा एकदम काळा दिसते, पण लाल-गुलाबी जास्तच भडकते," असं त्या सांगतात.

मुलीच्या साखरपुड्यासाठी मी फोटो पाहूनच एक राणी रंगाची साडी पक्की केली. तासाभरात ताई साडी घेऊन दारात.

"दीदी, तुमचा फोन अमोलेडवाला आहे ना? चलो, आधी उन्हात पाहून घ्या."

उन्हात तो रंग बराच फिका निघाला. मी अवघडून पदर उलटसुलट करून पाहू लागले.

"मग घेता काहून? राहू द्या," म्हणत त्यांनी हसत घडी घातली.

आता मी फोटो मागवतच नाही. रंग कसा आहे, ते ताईंनाच विचारते.