पाळण्याची दोरी

'त्यांच्या पश्चात मोठा परिवार आहे,' असं सुधाकरच्या निधनाच्या बातमीत छापून आलं. पिंप्राळ्याला माझ्या घरी चहा घेता घेता मी तो परिवार मोजला. पारोळ्यात त्याची आई, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. बायको, म्हणजे वैशालीवहिनी. आणि पाळण्यात जे होतं, ते.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं आयुष्य शेवेच्या भट्टीपुढे गेलं. लग्नानंतर वहिनींना दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. मग सुधाकरची तपासणी झाली, शुक्राणूंची संख्या उत्तम निघाली आणि अक्कांनी गल्लीत पेढे वाटले. "मना पोरमा काहीच खोट नही!" मुलगा पास म्हणजे सून नापास, हे वेगळं सांगावं लागलं नाही. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, तसा अक्कांनी वरवंट्याला टोपडं घालून तो माजघरातल्या पाळण्यात निजवला. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून. दोरी झरोक्यातून स्वयंपाकघरात आणली. वहिनी भाकरी थापत आणि अक्का समोर बसून दोरी ओढत. एकदा मी तिथे जेवत होतो. पलीकडच्या अंधारात कड्या कुरकुरत होत्या... जड काहीतरी कूस बदलत असल्यासारख्या. "हळू बोल भाऊ," अक्का म्हणाल्या, "झोपेल शे." मी हसलो. एकटाच.

पुढे धुळ्याच्या एका डॉक्टरांनी निराळी तपासणी करायला लावली. मी सोबत होतो. "संख्या चांगली, हालचाल चांगली, पण शुक्राणूंच्या आतला डीएनए तुटलेला आहे. नेहमीच्या तपासणीत हे कळत नाही. गर्भ त्यामुळे टिकत नसावा."

"म्हणजे पार्सल पोचतंय, माल फुटेल शे," सुधाकर म्हणाला. भट्टीची धग असेल, गुटखा असेल. कारण एकच सांगता येईना. परतताना बसमध्ये तो म्हणाला, "घरी नाही सांगितलं, तर वैशाली जन्मभर ती दोरी ऐकत बसेल."

कानबाईच्या रोटांना, म्हणजे श्रावणातल्या कुळाच्या जेवणाला, सगळे भाऊबंद जमले, तेव्हा भर पंगतीत त्याने सांगितलं, "अक्का, दोष मना शे. तिना नही."

"बायकोसाठी बोलतोय बिचारा," काका कौतुकाने म्हणाले. अक्कांनी मान वर केली नाही. "मी पेढा वाटेल शेतस," एवढंच म्हणाल्या. वाटून झालेले पेढे काही परत घेता येत नव्हते. दुपारी कड्या कुरकुरू लागल्या.

सुधाकरच्या निधनानंतर, गेल्या आठवड्यात पारोळ्याला भेटायला गेलो. माजघरात अक्का झोपल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाळणा हलत होता...

झरोक्यातून पाहिलं. दोरी वहिनींच्या हातात होती. "आवाज थांबला की त्या उठतात, भाऊजी. सुधाकर रडतोय म्हणतात." दोरी ओढत म्हणाल्या, "तेराव्यानंतर पाळण्यापाशी बसून बोलल्या, 'सुधा, दोष तुनाच व्हता रे.' त्याला बोलल्या. मला नाही."

वहिनी माजघरात आल्या. पाळणा थांबवला, वरवंटा उचलला, टोपडं काढून घडी घालून अक्कांच्या उशाशी ठेवलं. अक्का जाग्या झाल्या नाहीत.

"याला कुठे नेताय?" मी विचारलं.

"लसूण वाटायचाय. मिक्सर बिघडलाय."