सिस्टरांचा बॅकहँड

सर्व्हिस करण्याआधी सिस्टर बॅट दोनदा झटकायच्या, ताप बघण्याआधी थर्मामीटर झटकतात तशी. मग समोरच्याकडे अशा रोखून बघायच्या की आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटावं. गणेशगुडीच्या धरण कॉलनीतल्या हॉलमध्ये मी त्यांच्याशी पहिल्यांदा टेबल टेनिस खेळले तेव्हा त्या साठीच्या होत्या आणि मी चाळिशीची. इथल्या मराठी शाळेत नुकतीच बदलून आले होते. पहिला गेम मी सहज जिंकला. धापा टाकत त्या म्हणाल्या, "टीचर, परवा ये. उद्या माजे गुडघे रजेवर हायत."

नावानं त्यांना कोणी हाक मारत नसे. अणशी, दिग्गीकडच्या वाड्यांवर पायी जाऊन त्यांनी तीस वर्षं बाळंतपणं केली होती. खेळ शिकल्या त्या बेळगावला नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये. नोकरी लागल्यावर टेबल दिसलं नाही ते निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नव्हतं. रामनगरला भावाचं घर होतं, तिथं पुतणी बोलवत होती, पण सिस्टर गणेशगुडीतच खोली घेऊन राहिल्या. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "घर हाय तिथं टेबल न्हाई. खोली भाड्यानं मिळती, टेबल मिळत न्हाई."

त्यांचा फोरहँड चांगला होता. बॅकहँड मात्र नव्हताच. डावीकडे आलेला चेंडू त्या माशी हाकलल्यासारखा परतवायच्या आणि तो जाळीत जायचा. तो सुधारायचा, असं त्यांनी मनावर घेतलं. टेबलाचा अर्धा भाग उभा करून एकट्याच त्यावर चेंडू मारत राहायच्या. मी लवकर पोचले तर बाहेरूनच तो ठकठक आवाज ऐकू यायचा. "आदी पाय, मागनं हात," असं स्वतःलाच बजावायच्या, आणि पाय मागे राहिला की मोठ्यानं कानडीत स्वतःला शिव्या घालायच्या.

खेळून झालं की त्यांची शिस्त आणखी कडक. गरम पाण्यात पाय, मग भिंतीला पाय टेकवून पडणं, वाटीभर नाचणीची आंबील, आणि दुसऱ्या दिवशी बॅटला हात नाही. पाऊस असो, पाहुणे असोत, यात बदल नाही. मी एकदा सुजलेलं मनगट घेऊन खेळायला गेले तर त्यांनी हातातून बॅट काढून घेतली. "शिणलं तर झोपायचं, दुखलं तर बंद करायचं. दोन्हीतला फरक कळंना झाला की म्हातारपण आलं म्हण."

दांडेलीला साठीवरच्या बायकांच्या स्पर्धा होत. सिस्टर दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत हरल्या. तिथं एक सामना जिंकायचा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि सातव्या वर्षी, भर पावसाळ्यात, बॅकहँड आला. एका संध्याकाळी त्यांनी मारलेला चेंडू माझ्या बॅटला न लागता कोपऱ्यातून गेला. मग दुसरा, मग तिसरा. त्या हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसून घटाघटा पाणी प्यायल्या.

त्याच दिवसांत त्या सर्व्हिस वेगळी करू लागल्या होत्या. चेंडू तळहातावर न ठेवता बोटांच्या चिमटीतून वर उडवायच्या. आम्ही दोघीच खेळत होतो, नियम कोण बघतंय, म्हणून मी काही बोलले नाही.

त्या वर्षीच्या स्पर्धेत दांडेलीला पंचांनी पहिल्याच सर्व्हिसला हात वर केला. चेंडू उघड्या तळहातावर स्थिर हवा, असं त्यांनी शांतपणे समजावलं. सिस्टरांनी डावा हात उघडला, चेंडू ठेवला. हात थरथरत होता. चेंडू तळव्यावर हलत राहिला आणि घरंगळून खाली पडला. मला वाटलं, घाबरल्यात. त्यांनी उचलला, पुन्हा ठेवला. कधी जमलं, बहुतेक वेळा नाही, आणि प्रत्येक चुकीला गुण जात होता. समोरच्या बाईंची सर्व्हिस असली की सिस्टर बॅकहँडनं गुण घ्यायच्या, असे सुंदर की लोक टाळ्या वाजवायचे. स्वतःची सर्व्हिस आली की ते सगळं निघून जायचं.

दोन गेम गेल्यावर मी त्यांच्याजवळ धावले. "सिस्टर, पंचांना सांगूया. हाताला त्रास असेल तर सवलत देतात."

"सांगायचं तर आजाराचं नाव सांगावं लागंल," टॉवेलनं तोंड पुसत त्या म्हणाल्या. "वरीस झालं मला ठाऊक हाय. असे हात मी कमी बघितले व्हय? पर अजून ते नाव माज्या तोंडातनं निघालेलं न्हाई."

तिसरा गेम त्या आठ-अकरा हरल्या.

पुढं पुतणी त्यांना बेळगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथं आजाराचं नाव त्यांनीच उच्चारलं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिने आम्ही खेळलो. दोन्ही बाजूंची सर्व्हिस मीच करायची. मग पाय वेळेवर निघेनासे झाले. चेंडू निघून गेल्यावर त्यांचा पाय हलायचा. एका रविवारी त्यांनी बॅट कव्हरमध्ये घातली आणि म्हणाल्या, "विश्रांतीनं भरून यायचं हे दुखणं न्हवं." त्या महिन्यात पुतणी त्यांना रामनगरला घेऊन गेली.

गेल्या महिन्यात भेटायला गेले. पडवीत बसल्या होत्या. आवाज बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो.

"खेळतीस न्हवं?"

"हो. दर रविवारी."

"कुणाबरूबर?"

त्या रामनगरला आल्यापासून मी बॅटला हात लावला नव्हता. त्यांनी माझा हात हातात घेतला. तो त्यांचा डावाच हात होता, अजून थरथरणारा. हा थांबला की निघू, असं मी मनाशी ठरवलं. संध्याकाळी गणेशगुडीची शेवटची बस आली तेव्हाही तो थांबला नव्हता.