ओल्या हाताचा सहदेव

आवडी तेव्हा सोळा वर्षांची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांची सात घरांची वाडी. कापणीचे दिवस, दिवेलागणीची वेळ. ती मागच्या पडवीत राखेनं भांडी घासत होती आणि पुढच्या ओटीवर तिचा बाप रावजी आणि चुलता दत्ताराम असे भांडत होते, की गोठ्यातली म्हैससुद्धा पान्हा चोरून उभी राहिली.

"दादा, हा पोरगा हाय का गळकी पन्हळ?" दत्ताराम ओरडत होता. त्याच्या नडगीला हळदीचं फडकं बांधलेलं. "विळा सुटला तो थेट माझ्या पायात. जरा वर आला असता तर?"

"घाम काय त्यानं महाडच्या बाजारातनं आनला? देवानं दिला."

"देवानं दिला तर देवळात नेऊन ठेव. माझ्या शेतात विळा घेऊन परत दिसता कामा नये. आनि आयक, मी जिता हाय तोवर ओल्या हाताचा मानूस नव्याला हात लावनार नाय!"

हे शेवटचं फार लागलं. दसऱ्याला लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या पहिल्या लोंब्या कापून आणायच्या, आंब्याच्या पानात बांधून दाराला लावायच्या, ते नवं. नवं आणणारा हात तो घरचा कर्ता हात. बाकीचे नुसते जेवणारे.

ज्याच्यावरून हे सगळं, तो आवडीचा धाकटा भाऊ सहदेव, तेरा वर्षांचा, गोठ्याच्या कुडाला टेकून बसला होता. तळहात चड्डीला पुसायचा, बघायचा, परत पुसायचा. पावसाळ्यात तर त्याच्या हाताला जणू झराच फुटायचा. शाळेत पाटीवरची अक्षरं बोटांखाली विरघळायची. गुरुजी म्हणायचे, तुझा अभ्यास झाला की नाही ते कधी कळतच नाही.

आवडीनं स्वतःचे हात पाहिले. आत्ता पाण्यात होते, तरी राखेनं खडखडीत कोरडे. दुसऱ्या दिवशी तिनं भाताच्या तुसाची राख वस्त्रगाळ केली, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि ती पुरचुंडी भावाच्या हातात दिली.

"विळ्याच्या मुठीला चोळ. लाकूड पितं घाम."

"पन काका विळाच देनार नाय, ताय."

"मग ठेव जवळ. विळे काय एका काकाकडंच हायत होय?"

पुढं आवडीचं लग्न झालं, ती तुडीलला नांदायला गेली. सहदेव अठराव्या वर्षी मुंबईला गेला. वाडीतला एक जण तिथं गोल्फच्या मैदानावर माळी होता, त्यानं ह्याला कॅडी म्हणून लावला. कॅडी म्हणजे साहेबांच्या काठ्यांची झोळी खांद्यावर घेऊन मागून चालणारा. सावित्री नदीच्या काठी बसून आवडीनं पत्र ऐकलं आणि ती हसत सुटली. एवढा बॉल, एवढं भोक, मधे अर्धा कोस गवत, आणि गुरं एक नाही!

पण पहिल्याच पावसाळ्यात नोकरी जायची वेळ आली. सहदेव एका पारशी साहेबाची झोळी घ्यायचा. पाऊस उघडला की अशी उमस, की अंगातला सदरा पिळून घ्यावा. साहेबांच्या हातातून काठी सरकायची, बॉल झाडीत जायचा आणि शिव्या कॅडीला. सहदेवाला वाटलं, औषध तर आपल्या कनवटीला आहे! त्यानं सकाळी लवकर जाऊन झोळीतल्या चौदाच्या चौदा काठ्यांच्या मुठींना आवडीची राख चांगली रगडून चोळली. विळ्याला चोळतात तशी.

आता विळ्याची मूठ लाकडाची आणि ह्या काठीची रबराची. लाकूड पितं, रबर कशाला पितंय? साहेबांनी घामेजल्या हातानं काठी धरली, राखेचा झाला चिखल. काठी फिरवली ती हातातून सुटून भिरभिरत तळ्यात. पांढरा हातमोजा काळा, पांढरी विजार काळी. शेजारचे साहेब पोट धरून हसले.

"कोणी केलं हे?"

"मी, साहेब. आमच्याकडं विळ्याला लावतात."

"ही काय विळा आहे?"

"नाय. आता कळलं."

कॅडींचा मुकादम धावत आला. "चल, बिस्तरा बांध. गावाला जा तुझ्या."

गावाला जाऊन काय करणार? तिथं विळा नाही, इथं काठी नाही. सहदेवानं कनवटीची पुरचुंडी काठावर ठेवली. छातीभर पाण्यात उतरला, पायानं चाचपून काठी काढली, मूठ धुतली, स्वतःच्या बनियनच्या खांद्याकडच्या कोरड्या भागानं पुसली. मग, ज्या माणसाशी बोलायचीही छाती होत नव्हती, त्याचा हात त्यानं आपल्या हातात घेतला. पुरचुंडी तळहातावर थोपटली, राख फडक्यानं झटकून टाकली, नुसती कोरड मागं राहिली. आणि पुरचुंडीच्या लुगड्याची एक चिंधी फाडून साहेबांच्या मनगटाला बांधली.

"घाम तळहातातनंच येत नाय साहेब, दंडावरनंबी उतरतो. त्याला वाटेतच अडवायचा. आता मारा."

साहेबांनी मारला. बॉल सरळ गेला. साहेब मनगटावरच्या त्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीकडं बघत राहिले आणि मुकादमाला म्हणाले, "बिस्तरा राहू दे त्याचा."

तेव्हापासून सहदेव घामाच्या मागंच लागला. छत्रीच्या आतल्या काडीला पंचा अडकवायचा म्हणजे तो पावसात भिजत नाही. हातमोजे तीन, एक हातात, दोन कमरेला वाऱ्यावर. दर फटक्याआधी मूठ पुसायची, आधी ओल्यानं, मग कोरड्यानं. आणि मूठ आवळायची नाही. जितकी आवळाल तितका घाम. "म्हशीचं सड धरता तेवढंच धरा," असं तो सांगायचा. साहेबांनी म्हैस कुठं पिळलेली? पण माना डोलवायचे. बडे बडे लोक पावसाळ्यात त्यालाच मागायला लागले. सोमवारी मैदान बंद, तेव्हा कॅडींना खेळू द्यायचे. तिथं हा दुसऱ्यांच्या जुन्या काठ्यांनी स्वतः खेळायला शिकला. राख मात्र आवडीचीच. दर आषाढात तुडीलहून पुरचुंडी एसटीनं निघायची. तिनं कित्येकदा म्हटलं, "अरे, मुंबईत डब्यातली पावडर मिळते." तर म्हणायचा, "तिला वास येतो ताय, घाम पिता येत नाय."

सहदेव पस्तिशीला आला तेव्हा मैदानावर खेळ शिकवणाऱ्याची एक जागा निघाली. कॅडींची स्पर्धा लावली, जिंकेल त्याला ती जागा. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याची काठी वाहायची, का दुसऱ्याच्या हातात ती देऊन शिकवायची, हा प्रश्न होता. दिवस भादव्यातला, आभाळ दाबून बसलेलं. आवडी ताजी राख घेऊन स्वतः आली होती. आणि योग बघा, दत्तारामकाका डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईत सहदेवाच्याच खोलीवर होता. तोही आला, काळा चष्मा लावून, खांद्यावर पंचा टाकून.

"एवढं गवत!" काका म्हणाला. "कापतो कोन?"

"मशीन कापतं, काका."

"बरं हाय. मशीनला घाम नाय."

आवडीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मनात म्हणाली, थेरड्या, नडगी बरी झाली पण जीभ नाही.

अठरापैकी सतरा भोकं झाली. सहदेव आणि दुसरा एक कॅडी बरोबरीत. शेवटच्या भोकाच्या शेवटच्या फटक्याआधी एक सर येऊन गेली, वाऱ्यानं छत्री उलटवली. छत्रीतला पंचा भिजला, तिन्ही हातमोजे भिजले, मनगटाची चिंधी पिळून निघेल अशी झाली. राख आवडीच्या चोळीत होती, ती तेवढी कोरडी. पण राख झटकायला, मूठ पुसायला कोरडं काही हवं ना! ओल्या फडक्यानं राख पुसली तर परत तोच चिखल. सहदेवानं तळहात विजारीला पुसला, बघितला, परत पुसला. आवडीला तो गोठ्याच्या कुडाला टेकलेला तेरा वर्षांचा पोरगा दिसला.

तेवढ्यात काका दोरीखालून वाकून आत शिरला. सर आली तेव्हा त्यानं पंचा घडी करून सदऱ्याच्या आत, पोटाशी धरला होता. अडवायला आलेल्या माणसाला त्यानं कोपरानं बाजूला सारलं.

"कोरडा हाय," पंचा पुढं करून तो म्हणाला. "पूस. नीट पूस. काठी सुटली तर ह्या खेपेला दुसरी नडगी जायची."

सहदेवानं काकाकडं बघितलं. मग आवडीनं पुढं केलेली पुरचुंडी थोपटली, पंच्यानं राख झटकली, मूठ पुसली आणि पंच्याची एक कड काकानंच दातानं फाडून त्याच्या मनगटाला बांधली. गाठ जरा घट्टच बांधली.

बॉल गवतावरून गेला, थांबल्यासारखा झाला आणि भोकात उतरला. सहदेव जिंकला, टाळ्या वाजल्या. आवडीनं वाजवल्या नाहीत, तिचे हात पदरात होते. काकानं चष्मा काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यात पाणी जाता कामा नये. आतून आलेल्या पाण्याला डॉक्टर काय करणार?

त्याच वर्षी दसऱ्याला दत्तारामानं खुंटीचा विळा काढून सहदेवापुढं धरला. "जा, नवं घेऊन ये."

"काका, तुमी तर जिते हाय अजून."

"मग काय मेल्यावर जानार होतास?"

तिथून पुढं नवं सहदेवाचंच. मुंबईत त्यानं पुष्कळांना शिकवलं. दिशा नावाची एक मुलगी तर परराज्यात जाऊन कप घेऊन आली, फोटोत तिच्या मनगटाला चिंधी दिसते. पण कुठंही असला तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो पोलादपूरच्या स्टँडवर उतरायचाच. काका गेल्यावरही.

मागच्या दसऱ्याला आला ते त्याचं शेवटचं. छातीचं दुखणं होतं, महाडच्या डॉक्टरांनी चढण चढू नको म्हणून बजावलं होतं. आवडी म्हणाली, "ह्या खेपेला दुसऱ्या कुनाला धाड रे."

"दुसऱ्याचा हात कोरडा असतो ताय. त्याला काय कळनार?"

बांधाबांधानं, दोनदा थांबून, तो शेतात गेला. आवडी मागं. पुरचुंडी थोपटली, झटकली. मनगटाला चिंधी बांधली. पाच लोंब्या कापल्या, आंब्याच्या पानात गुंडाळल्या. खाली येऊन पहिलं नवं काकाच्या दाराला बांधलं, दुसरं आपल्या दाराला. मग विळा पुसला आणि मूठ पुढं करून आवडीच्या हातात दिला.

मूठ कोरडी होती.